'मी करणार' आणि 'मला नको' शिकवणारी पिक्चर बुक्स: कशी निवडायची, कशी वाचायची, घरी कशी बनवायची

दोन वर्षांच्या आसपासची मुलं दिवसभर दोन वाक्यं सारखी म्हणत असतात, "मी करणार" आणि "मला नको". पहिल्याचं आपल्याला कौतुक वाटतं आणि दुसऱ्याला आपण हट्ट म्हणतो. पण मुलाच्या बाजूने बघितलं तर दोन्हीकडे एकच गोष्ट चाललेली असते, हे अंग माझं आहे, हे हात माझे आहेत आणि त्यांचं काय करायचं यात माझंही थोडं चाललं पाहिजे. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० मध्येच मांडलं होतं की साधारण दीड ते तीन वर्षांच्या वयात मुलाचं मुख्य कामच हे असतं, स्वतःच्या जोरावर काहीतरी करून बघणं. ते करू दिलं नाही, सारखं हसलं किंवा ओरडलं, तर त्या जागी लाज आणि स्वतःबद्दलची शंका येऊन बसते.

म्हणून स्वावलंबनाची पुस्तकं वेगळी आणि 'बॉडी सेफ्टी'ची वेगळी अशी विभागणी मला पटत नाही. आज कोणता शर्ट घालायचा हे ज्या मुलाला विचारलं जातं, ज्याचं "पुरे" घरात ऐकलं जातं, त्याला उद्या कुणी नकोसा हात लावला तर ते आपल्याला येऊन सांगणं सोपं जातं, कारण आपलं म्हणणं मोठी माणसं ऐकतात हा अनुभव त्याच्या गाठीशी असतो. आणि घरात एकदाही न ऐकलेला "नको" पुस्तकातून कितीही वेळा वाचून दाखवला तरी मूल त्याला फक्त गोष्टच समजतं.

पिक्चर बुक इथे का उपयोगी पडतं, तर त्यातला प्रसंग दुसऱ्या कुणावर तरी आलेला असतो. स्वतःबद्दल बोलायला लाजणारं मूल पुस्तकातल्या मुलाबद्दल भरभरून बोलतं. शिवाय पान थांबवता येतं, मागे जाता येतं, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा बघता येतो, खऱ्या आयुष्यात असं कुठे जमतं.

पायरी १: आधी मुलाकडे बघा, पुस्तकाकडे नंतर

'स्वावलंबन शिकवणारं चांगलं पुस्तक सुचवा' असं कुणी विचारलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो, नेमकं कुठे अडतंय? तीन-चार दिवस नुसतं लक्ष ठेवा आणि मोबाईलमध्ये लिहून ठेवा. कपडे घालताना भांडण होतं का, की टॉयलेटला एकट्याने जायची भीती वाटते, की आई दिसेनाशी झाली की रडू फुटतं, की खेळणं कुणी ओढून नेलं तरी गप्प बसतं, की उलट हे स्वतःच सगळ्यांच्या अंगावर चढत असतं आणि समोरचा नको म्हणाला तरी ऐकत नाही. या पाच मुलांना पाच वेगळी पुस्तकं लागतील. 'स्वावलंबी व्हा' असं एकाच पुस्तकात सगळं कोंबलेलं असेल तर ते यातल्या कुणाच्याच फार कामाला येत नाही.

वयाचं गणित ढोबळ धरा. दीड-दोन वर्षांच्या मुलाला जाड पुठ्ठ्याच्या पानांची पुस्तकं लागतात, एका पानावर एक कृती, मोजा ओढला, बटण लावलं, हात धुतले, आणि शरीराच्या अवयवांची नावं. अडीच-तीनला छोटी गोष्ट चालते, एक मूल, एक अडचण, एक प्रयत्न, अजून एक प्रयत्न. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही चालू असू शकतं हे मुलांना नीट कळायला लागतं ते चार वर्षांच्या आसपास, त्यामुळे 'तुला मजा वाटते पण तिला नाही वाटत' अशी, म्हणजे दुसऱ्याची बाऊंड्री, त्याला कुठपर्यंत चालतं आणि कुठे नको असतं, ती ओळखण्याची पुस्तकं खरी लागू पडतात ती चार ते सहामध्ये. त्याआधी वाचू नका असं नाही, पण वाचल्यावर लगेच वागण्यात फरक दिसेल अशी अपेक्षा धरू नका.

पायरी २: घेण्याआधी पूर्ण वाचा, शेवटचं पान तर दोनदा

बहुतेक पिक्चर बुक्स ३२ पानांची असतात, कारण छपाईचा मोठा कागद दुमडला की पानं ८ किंवा १६ च्या पटीत पडतात. ३२ पानांचं पुस्तक मोठ्या माणसाला उभ्या उभ्या वाचून होतं, त्यामुळे कव्हर आणि मागचा मजकूर बघून घ्यायची काहीच गरज नाही, आणि या विषयात तर मुळीच घेऊ नये. कव्हरवर 'आत्मविश्वास' लिहिलेलं असतं आणि आत भलतंच शिकवलेलं असतं.

मी सगळ्यात आधी काय बघते, तर पुस्तकातलं मूल "नको" म्हणतं तेव्हा त्या पानावरची मोठी माणसं काय करतात. थांबतात का? खाली बसून विचारतात का? की हसतात, "अगं लाजतेय ती" म्हणतात आणि पुढच्या पानावर मिठी मारतातच? अशी पुस्तकं बरीच असतात, दिसायला गोड, मूल सुरुवातीला पापी द्यायला नको म्हणतं, मग सगळ्यांचे चेहरे पडतात, मग मूल विरघळतं, पापी देतं, सगळे खूश आणि गोष्ट संपते. लिहिणाऱ्याला प्रेम दाखवायचं असतं, पण मुलाच्या हाती जे लागतं ते असं की माझ्या "नको"मुळे माणसं दुखावतात आणि ते मागे घेतलं की मी शहाणं. असं पुस्तक परत ठेवून द्या, चित्रं कितीही सुंदर असली तरी.

शेअरिंगच्या पुस्तकांचंही तसंच. मुलाने आपलं आवडतं खेळणं सोडून दिलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, यातून ते वाटून घ्यायला शिकत नाही, आपल्या हातातली गोष्ट कुणीही मागितली की द्यावी लागते एवढंच शिकतं. त्यापेक्षा 'माझं खेळून झालं की तुला देतो' असं म्हणणारं मूल आणि खरंच थांबणारं दुसरं मूल ज्या पुस्तकात आहे ते घ्या, त्यात दोघांचीही बाऊंड्री शाबूत राहते.

स्वावलंबनाच्या पुस्तकात बघायचं ते हे की अडचण सोडवतं कोण. मूल धडपडतं, चुकतं आणि मग बाबा येऊन दोन सेकंदात करून देतात, की बाबा शेजारी बसून एवढंच म्हणतात "आधी कुठला पाय?" आणि बाकीचं मूल करतं? आणि मधल्या पायऱ्या चित्रात दिसतात का, म्हणजे झिप खाली अडकवणं, एका हाताने खालचं टोक धरणं, दुसऱ्याने वर ओढणं. एका पानावर रडणारं मूल आणि पुढच्याच पानावर जॅकेट घालून हसणारं मूल असेल तर मधलं काम कुठे गेलं? लहान मुलं चित्रातून शिकतात, त्यांना तो मधलाच भाग हवा असतो. प्रयत्न फसल्याचं चित्र पण हवं. उलटे बूट घातलेले, शर्टाचं एक बटण चुकलेलं, आणि तरी कुणी ओरडत नाहीये.

आता प्राण्यांचा प्रश्न. या विषयावरच्या कितीतरी पुस्तकांत अस्वल, ससे, हत्ती असतात, आणि मुलांना ते आवडतात हे खरंच आहे. पण टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांवर केलेला एक अभ्यास इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. वाटून घेण्याची एकच गोष्ट काहींना माणसांची पात्रं असलेली वाचून दाखवली आणि काहींना माणसांसारखे कपडे घालणाऱ्या प्राण्यांची, आणि गोष्टीच्या आधी आणि नंतर मुलांना स्वतःचे काही स्टिकर्स दुसऱ्यांसाठी ठेवायला सांगितले. माणसांची गोष्ट ऐकलेल्यांनी आधीपेक्षा जास्त दिले, प्राण्यांची ऐकलेल्यांनी उलट कमी. म्हणून मी असं करते, भावना, भीती, आईपासून दूर राहणं अशा विषयांना प्राणी चालतील, पण कृती शिकवायची असेल, टॉयलेट, कपडे, "नको" म्हणणं, अंगाला हात लावण्याचे नियम, तर पानावर माणसाचं मूल असलेलं बरं.

ते मूल कसं दिसतं हेही बघा. रुडीन सिम्स बिशप या बालसाहित्याच्या अभ्यासक बाईंनी १९९० मध्ये म्हटलं होतं की पुस्तकं मुलांसाठी आरसाही असावीत, ज्यात आपल्यासारखं कुणी दिसतं, आणि खिडकीही, जिच्यातून दुसऱ्यांचं जग दिसतं. शरीराच्या सुरक्षिततेच्या पुस्तकांत बहुतेक वेळा मुलगीच असते, त्यामुळे मुलग्यांना वाटतं हा आपला विषयच नाही, हे चूक आहे आणि धोक्याचंही. मुलगा "मला मिठी नको" म्हणतोय असं एक तरी पुस्तक घरात असू दे. व्हीलचेअरवरचं किंवा कमी ऐकू येणारं मूल असलेलं पुस्तक मिळालं तर सोडूच नका, कारण ज्या मुलांना रोजच्या कामात दुसऱ्याची मदत लागते त्यांच्या अंगाला तर दिवसभर कुणी ना कुणी हात लावत असतं, आणि 'आधी विचारून' हा नियम त्यांच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा असतो.

पायरी ३: पहिल्यांदा नुसतं वाचा

पहिल्या वाचनाला काही शिकवायचं नाही. प्रश्न नाहीत, तात्पर्य नाही, मधे "बघितलंस?" नाही. नुसती गोष्ट. फक्त वाचायला बसतानाच विचारा, "मांडीवर की शेजारी?" आणि पानं त्याला उलटू द्या, दोन एकदम उलटली तरी. मधेच पुस्तक मिटलं तर "बरं, आत्ता नको" म्हणून बाजूला ठेवा. बाऊंड्रीचं पुस्तक मुलाला दाबून बसवून पूर्ण वाचणं हे त्या पुस्तकाच्या बरोब्बर उलट आहे ना.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बोलायला लागायचं. मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना एक साधी पद्धत शिकवली होती, मोठ्या माणसाने फक्त वाचायचं नाही तर मुलाला गोष्ट सांगायला लावायची. उघडे प्रश्न विचारायचे, मूल जे बोलेल त्यात एखाद-दुसरा शब्द जोडून तेच परत म्हणायचं आणि ते परत बोलेल याची वाट बघायची. महिनाभरातच ती मुलं भाषेत बाकीच्यांच्या पुढे गेलेली दिसली. आपल्या विषयाला तर ही पद्धत फारच जुळते, कारण "नको" म्हणायलाही शब्द लागतात, आणि ते ऐकून नाही तर बोलून येतात.

प्रत्यक्षात हे कसं होतं ते सांगते. पानावर एक मावशी एका मुलाला घट्ट मिठी मारतेय आणि मुलाचे हात सरळ खाली आहेत. शेजारी साडेतीन वर्षांची मुलगी.

"इथे काय चाललंय?"

"मावशीने पकडलं."

"हो, मावशीने त्याला घट्ट पकडलंय. आणि त्याचे हात कुठेत?"

"खाली. असे." स्वतःचे हात अंगाला चिकटवून दाखवते.

"खरंच की, अंगाला चिकटवून ठेवलेत. काय वाटत असेल त्याला?"

"त्याला शू आलीये."

इथे बहुतेक मोठी माणसं म्हणतात "नाही गं, त्याला मिठी नकोय", आणि संपलं, आता ती उत्तर द्यायच्या आधी तुमचा चेहरा वाचणार. त्यापेक्षा तिचंच धरायचं, "असेल, शू आली असेल. मग तो मावशीला काय सांगेल?"

"सोड, मला शू आलीये."

"आणि मग मावशीने काय करायचं?"

"सोडायचं! लगेच!"

झालं की. मिठीतून सुटायला काय म्हणायचं आणि समोरच्याने काय करायचं, दोन्ही तिने स्वतः सांगितलं. आपण शिकवलं असतं तर यातलं निम्मंही डोक्यात राहिलं नसतं.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा, "बघ ती कशी स्वतःचे कपडे घालते, आणि तू?" असं एकदा म्हटलं की ते पुस्तक मुलाच्या मनातून उतरतं आणि पुस्तकातली मुलगी शत्रू होते. तुलना करायचा मोह आवरता येत नसेल तर त्या दिवशी ते पुस्तक न वाचलेलं बरं.

जिथे पुस्तकातलं मूल "थांब" किंवा "नको" म्हणतं तिथे आवाज काढून खेळा. हळू म्हणून बघ, मोठ्याने म्हणून बघ, हात पुढे करून म्हणून बघ. काही मुलांच्या तोंडून मोठ्याने "नको" येतच नाही, फार वाईट वाटतं ते बघून, अशा मुलांना आधी नुसता हात पुढे करायला द्या, शब्द नंतर येतो. "नको"नंतर तुम्ही खरंच थांबायचं, खेळातसुद्धा. "मी गंमत करत होते" चालणार नाही.

पायरी ४: शरीराच्या सुरक्षिततेची पुस्तकं, इथे घाई नको

ही पुस्तकं झोपायच्या वेळी नको, दिवसा वाचा, म्हणजे मुलाला प्रश्न पडले तर बोलायला वेळ असतो आणि अंधारात एकटं विचार करत पडावं लागत नाही.

पुस्तक निवडताना पहिली परीक्षा शब्दांची. अवयवांची खरी नावं आहेत का, की फुलं-पाखरं केलीयत? घरात लाडाचे शब्द असू देत, पण मुलाला खरी नावंही माहीत हवीत, कारण काही झालं आणि त्याने शिक्षिकेला किंवा डॉक्टरांना लाडाच्या शब्दात सांगितलं तर समोरच्याला कळणारच नाही. आणि ज्या शब्दाला घरात कुजबुज आहे त्याबद्दल मूल तक्रार करायलाही कचरतं.

दुसरी परीक्षा, धोका कुणाकडून दाखवलाय. काळा कोट घातलेला अनोळखी माणूस झाडामागे उभा आहे असं फक्त असेल तर ते पुस्तक अपुरं आहे, कारण मुलांना त्रास देणारी व्यक्ती बहुतेक वेळा ओळखीची असते, घरातली, नात्यातली, रोज भेटणारी. चांगलं पुस्तक माणसांची यादी देत नाही, नियम देतं, आणि तो नियम सगळ्यांना सारखा असतो. चड्डीच्या आत झाकलेला भाग तुझा खासगी, तिथे कुणी हात लावायचा नाही, बघायचं नाही, फोटो काढायचा नाही, आणि कुणी तुला त्यांच्या तिथे हात लावायला सांगायचं नाही. अपवादही स्पष्ट हवेत, अंघोळ घालताना, स्वच्छ करताना, दुखत असेल तेव्हा डॉक्टर, तेही आई किंवा बाबा सोबत असताना आणि काय करतोय ते सांगून.

'गुड टच, बॅड टच' ही जोडी सगळीकडे दिसते, तिच्यात एक अडचण आहे. चुकीचा स्पर्श मुलाला दरवेळी वाईट वाटतोच असं नाही, तो गुदगुल्यांसारखा असू शकतो, लाड करणाऱ्या माणसाचा असू शकतो, आणि मग मूल गोंधळतं की मला तर वाईट वाटलं नाही, म्हणजे हा गुडच असणार. उलट इंजेक्शन दुखतं पण ते चुकीचं नसतं. त्यामुळे कसं वाटलं यापेक्षा नियम मोडला का, यावर उभं असलेलं पुस्तक जास्त भक्कम.

गुपितांचं पान असायलाच हवं. सरप्राईज आणि गुपित यातला फरक मुलांना फार पटकन कळतो, सरप्राईज थोड्या वेळाने सगळ्यांना कळतं आणि सगळे खूश होतात, गुपित कधीच कुणाला सांगायचं नसतं आणि पोटात गोळा येतो. आमच्या घरात अंगाला हात लावायची गुपितं नसतात, हे वाक्य पुस्तकात नसेल तर तुम्ही म्हणा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे पुष्कळ पुस्तकांत राहून जातं. 'जोरात ओरड, पळ, सांग' असं शिकवून पुस्तक संपतं, पण घाबरलेलं मूल बऱ्याचदा गोठून जातं, आवाजच फुटत नाही, आणि मग त्याला वाटतं की मी ओरडलो नाही म्हणजे चूक माझी. पुस्तकात नसलं तरी त्या पानावर थांबून सांगा, ओरडता आलं नाही तरी तुझी चूक नाही, लगेच सांगितलं नाही, खूप दिवसांनी सांगितलं तरी मी ऐकणार आणि तुझ्यावर रागावणार नाही. मग सांगायला जवळची माणसं कोण ते मुलालाच ठरवू द्या, तीन-चार नावं, त्यात एखादं घराबाहेरचं पण. पुस्तकाच्या आतल्या कव्हरवर पेन्सिलने लिहून ठेवता येतील.

वाचताना मूल खरंच काही बोललं तर पुस्तक खाली ठेवा. चेहरा शांत ठेवा, कठीण असतं पण ठेवा. "तू सांगितलंस ते बरं केलंस, माझा तुझ्यावर विश्वास आहे" एवढं म्हणा, त्याच्या शब्दांत जे आलं ते नंतर लिहून ठेवा, आणि कोण, कुठे, किती वेळा अशी उलटतपासणी करू नका, ते काम प्रशिक्षित माणसांचं. त्या माणसाला लगेच जाब विचारायला जाऊ नका, मुलाला त्याच्यापासून लांब ठेवा आणि तुमच्या भागातली बालसंरक्षण हेल्पलाईन, डॉक्टर किंवा पोलीस यांच्याकडे त्याच दिवशी जा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम १९ मुलांना अत्याचारापासून संरक्षण देतं आणि कलम १२ त्यांचं म्हणणं ऐकून घेण्याबद्दल आहे, वय लहान आहे म्हणून ऐकायचं नाही असं त्यात नाही.

पायरी ५: त्याच दिवशी, एक छोटी गोष्ट

पुस्तक मिटल्यावर दिवस संपायच्या आत त्यातली एक गोष्ट खरी होऊ द्या. बुटाचं पुस्तक वाचलं तर बाहेर पडायला दहा मिनिटं जास्त ठेवा आणि बूट त्यालाच घालू द्या, उलटे घातले तर तसेच, दोन पावलं चालल्यावर त्यालाच कळेल. मिठीचं पुस्तक वाचलं तर संध्याकाळी विचारा, "मिठी, की टाळी, की नुसता टाटा?" आणि टाटा म्हणालं तर मनाला लावून न घेता टाटा करा.

इथे बरेच पालक घाबरून विचारतात, मग दात घासायला पण नको म्हणेल, रस्त्यावर हात धरायला पण नको म्हणेल, तर? आरोग्य आणि सुरक्षितता यात निवड नसते आणि ते सरळ सांगायचं, "दात घासायचेच आहेत. तू आधी की मी आधी?" म्हणजे काय करायचं ते ठरलेलं, कसं करायचं त्यात मुलाचा भाग. ज्या गोष्टीत खरंच पर्याय नाही तिथे खोटा प्रश्न विचारू नका, "घासूया का?" असं विचारून त्याने नाही म्हटल्यावर घासायलाच लावलं तर प्रश्नाचीच किंमत जाते.

तुमची स्वतःची बाऊंड्री पण दिसू द्या. "माझे पाय दुखतायत, आत्ता मांडीवर नको, शेजारी बस" असं न चिडता म्हटलं की मुलाला समजतं की नको म्हणणं म्हणजे प्रेम कमी होणं नाही. पुस्तकातली दहा पानं हे सांगू शकत नाहीत.

पायरी ६: हवं ते पुस्तक मिळत नसेल तर घरी बनवा

तुमच्या मुलाची नेमकी अडचण कुठल्याच छापील पुस्तकात नसेल, तर एका कागदात आठ पानांचं पुस्तक होतं. नेहमीचा ए-फोर कागद आडवा ठेवा. उभ्या तीन घड्या आणि आडवी एक घडी घालून आठ सारखे चौकोन पाडा आणि उघडा. मग कागद मधल्या उभ्या घडीवर अर्धा दुमडा आणि दुमडलेल्या कडेपासून आडव्या घडीवरून पुढच्या घडीपर्यंतच कात्री लावा. उघडल्यावर मधोमध एक फट दिसेल. आता लांबीत अर्धा दुमडून दोन्ही टोकं आत ढकला, फट उघडून अधिकचं चिन्ह होतं, ते एका बाजूला गुंडाळलं की पुस्तक तयार, स्टेपलरसुद्धा लागत नाही.

विषय एकच घ्या. समजा मामा आला की गुदगुल्या होतात आणि शेवटी रडारड होते. मग पानं अशी.

१. कव्हर, मुलीचा फोटो आणि नाव: 'माझं पुरे'
२. मामा आला की आम्ही गुदगुल्या खेळतो.
३. मला गुदगुल्या आवडतात. थोड्या.
४. मग खूप होतात. मला हसू येत असतं, पण मला आवडत नसतं.
५. मी हात पुढे करते आणि म्हणते, "पुरे."
६. मामा थांबतो.
७. मामा विचारतो, "अजून, की दुसरं काही खेळूया?"
८. कोरं पान. इथे तिने ठरवायचं आणि चित्र काढायचं.

चौथं पान मुद्दाम आहे. गुदगुल्यांचं हसू आपोआप येतं, त्यामुळे मोठी माणसं म्हणतात "हसतेय तर", आणि मुलीकडे तर हे सांगायला शब्दच नसतात. पुस्तकात ते लिहिलेलं दिसलं की तिला शब्द मिळतात. आणि सहाव्या पानासाठी मामाचाच फोटो काढा, दोन्ही हात वर केलेला. तो फोटो देताना मामाला सगळं समजावून सांगावं लागतं आणि पुढच्या वेळी तो खरंच थांबतो, कारण त्याची भाची ते पान उघडून त्याच्या नाकासमोर धरते.

वाक्यं मुलीच्या तोंडची ठेवा, 'मी' करून. 'चांगल्या मुली असं करतात' असं एकही वाक्य नको.

पायरी ७: घरातल्या बाकीच्यांना हाताशी धरा

पुस्तकं मुलाच्या हाताला लागतील अशा उंचीवर, कव्हर दिसेल अशी लावा, एका वेळी पाच-सहा पुरेत. एकच पुस्तक महिनाभर रोज मागितलं तर द्या, त्याचं त्यातलं काम अजून चालू आहे. एखादं सारखं नाकारलं तर भांडू नका, कधीकधी विषय फार जवळचा असतो म्हणून नको असतो, दोन-तीन महिन्यांनी ते स्वतःच उचलतं.

आणि घरात एखादी आजी किंवा काका असतात ज्यांना हे सगळं फॅड वाटतं, "आम्ही काय असं शिकवलं का तुम्हाला, पापी मागितली तर काय झालं". वाद घालून इथे काही होत नाही, मी तर सांगते घालूच नका. मिठीचं पुस्तक मुलाच्या हातात द्या आणि म्हणा, "जा, आजीकडून वाचून घे." आजी मोठ्याने वाचेल, आवाज काढून वाचेल, पुस्तकातल्या आजीचं "बरं बाळा, तुला हवं तेव्हा" हे वाक्य तिच्याच तोंडून येईल आणि नातवंड शेजारी बसून ऐकत असेल. आपण दुसऱ्या खोलीत राहायचं, मधे तोंड घालायचं नाही. वाचून झाल्यावर मुलाने मिठी नको म्हणून टाळी दिली तर आजीला फक्त एवढंच सांगायचं की तुम्ही वाचलेलं त्याला सगळ्यात जास्त आवडतं, उद्या पण वाचाल का.